हातात मावेल एवढा माल

“काका, तुमच्या जहाजात एवढ्याशा डब्याला जागा मिळेल का?”

विचारणारीने दोन्ही तळहातांनी हवेत माप धरून दाखवलं. कंपासपेटीपेक्षा जरा मोठं, चपलांच्या खोक्यापेक्षा बरंच लहान. कोपऱ्यातला म्हातारा कारकून कागदावर शिक्का मारत होता, त्याचा हात शिक्क्यासकट वरच राहिला. भिंतीला टेकून तीन व्यापारी आपापला नंबर लागायची वाट बघत होते. एकाच्या कंटेनरभर फरशा येणार होत्या, दुसऱ्याची शिलाई मशिनं, तिसऱ्याचं काय ते त्यालाच ठाऊक. आधी फरशीवाला हसला, मग बाकीचे दोघे, आणि हसू जांभईसारखं या टेबलावरून त्या टेबलावर गेलं.

दाराच्या काचेला बाहेरून दोन नाकं चिकटली होती. एक पुडीचं, एक गोलकीपरचं. पुडी म्हणजे दिवसाला तीन तरी पुड्या सोडल्याशिवाय जिला जेवण पचत नसे ती. गोलकीपर म्हणजे वर्गात सगळ्यांत उंच, आणि आलेला प्रत्येक टोमणा अंगावर न घेता परतवणारी. शाळेच्या रस्त्यावरच्या या ऑफिसापुढून तिघी रोज जायच्या. दारावरच्या पाटीवर जहाज रंगवलेलं होतं, त्याचा अर्धा धूर उन्हाने पोपडे होऊन गळला होता. “आत जाऊन हा प्रश्न विचारून दाखव,” पुडी म्हणाली होती. “नाही विचारलास तर महिनाभर माझं दप्तर तू उचलायचंस.”

पैज लावण्यासारखीच होती, कारण जिच्यावर लावली होती तिचं शाळेतलं नाव मौनी. तिसरीत असताना नळाच्या तोटीवर आपटून तिचा पुढचा दात अर्धा तुटला. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय वाढू दे, मग टोपी बसवू. मग काय, पोरगी तोंडावर हात ठेवून बोलायला लागली, हळूहळू हातच राहिला आणि बोलणं गेलं. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. तिचे बाबा कवळ्या बनवायचे. या वर्षी अखेर त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या दाताची टोपी घडवली. बाजूच्या दाताचा रंग जुळेना म्हणून चार वेळा मोडून पाचव्यांदा केली. ती बसली त्या दिवसापासून दोन महिने झाले, पण धरण फुटल्यावर पाणी काय कुणाचं ऐकतं? सात वर्षांचं तुंबलेलं बोलणं धो धो वाहत होतं. आई म्हणायची, “दात बसवला की लाउडस्पीकर?”

तर अशी ती मौनी आता ऑफिसच्या मधोमध उभी होती आणि सगळे हसत होते. दोन महिन्यांपूर्वीची असती तर जमिनीत गडप झाली असती. ती म्हणाली, “हसून झालं की सांगा. मला पाचला घरी जायचंय.”

आतल्या काचेच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. चष्मा कपाळावर, पेन केसात, दुसरं पेन हातात. ऑफिस त्यांचंच होतं. लोकांचा माल देशोदेशी पोचवायचा हा धंदा. त्यांना सगळे फॉरवर्डरबाई म्हणायचे, अगदी समोरचा चहावालासुद्धा. त्यांनी मौनीच्या हवेतल्या हातांकडे पाहिलं, कारण ती माप अजून धरूनच उभी होती.

“जागा मिळेल,” त्या म्हणाल्या. “कागद मिळतील का?”

“कुठले कागद?”

“बस.”

मौनी बसली. काचेवरचं पुडीचं नाक चपटं झालं.

*

डब्यात होता एक हातात धरायचा गेमचा कन्सोल. भारी नव्हता, रंगीबेरंगी नव्हता, जाहिरातीत नाचणारी पोरं नव्हती. समुद्रापलीकडच्या एका गावात दोन बहिणींनी आपल्या छोट्याशा कारखान्यात बनवलेला, चार बटणं आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा पडदा. पण त्याची गंमत अशी, की त्यावर आपण स्वतः केलेला खेळ चढवता यायचा. मौनीकडे खेळ होता. चौकटीच्या वहीत दोन वर्षं आखलेला: एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन अख्खं स्वयंपाकघर ओलांडते, आणि वाटेत झाडू, ओला पोछा, माणसांचे पाय. बोलत नव्हती त्या काळात मौनीने सगळं त्या मुंगीला सांगितलं होतं. आता तिला ती मुंगी चालताना बघायची होती. आणि कन्सोल विकणारं दुकान तिच्या देशात माल पाठवतच नव्हतं.

“दुकान तुझ्याकडे पाठवणार नाही,” फॉरवर्डरबाईंनी समजावलं, “पण त्याच देशात माझं गोदाम आहे, तिथे पाठवेल. गोदामात पंधरा-वीस जणांचा माल एका कंटेनरात भरते. तो जहाजावर चढतो. इथे उतरला, कस्टमने पाहिला, कर भरला, की ज्याचा त्याला. बसमधून जायला अख्खी बस विकत घेतेस का? एक सीट पुरते.”

“माझी आई बस चालवते.”

“मग तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त माल मागवणारा माणूस सज्ञान लागतो. सही घरून आण.”

बाहेर आल्यावर पुडीने आधी स्वतःचं दप्तर खांद्यावर घेतलं, मग मौनीचंही घेतलं.

“हे कशाला?”

“तू विचारलंस म्हणून नाही गं. त्यांनी तुला बसवलं म्हणून.”

*

बाबांचं काम घरातच चालायचं. गॅलरी बंद करून केलेली अरुंद खोली, खिडकीशी दिवा, कपाटात ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. अनोळखी माणूस पहिल्यांदा आला की दचकायचा. इतके सगळे एकदम आपल्याकडे बघून हसतायत असं त्याला वाटायचं. वर्षभर मौनीने सुट्टीच्या दिवशी याच जबड्यांच्या कडा घासल्या होत्या आणि त्याचे पैसे साठवले होते. तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता सहीचा.

बाबा एका कवळीला मेणाच्या हिरड्या लावत होते. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकलं.

“म्हणजे परदेशातून, बोटीने, एक खेळणं.”

“कन्सोल, बाबा.”

“तेच ते. आणि आला नाही तर?”

“येईल.”

“बोलाफुलाला गाठ पडली तर येईल. मी माझे दात कोरायचे ब्रश मागवले होते, आठवतंय? अजून येतायत.” त्यांनी मेणाची सुरी खाली ठेवली. “बरं, एक सौदा करू. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म वीस तारखेला भरायचाय. मी म्हणतोय विज्ञान घे, दातांची डॉक्टर हो. मी दात बनवतो, तू बसव. घरचं घरात. तू म्हणतेस, मला अजून ठरवायचंय. ठीक. वीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत तो डबा या टेबलावर आला, तर फॉर्ममध्ये काय लिहायचं ते तू ठरव, मी ब्र काढणार नाही. नाही आला, तर मी म्हणेन ते. सही माझी, धावपळ तुझी. एक फोनसुद्धा मी करणार नाही.”

आई ड्यूटीवरून नुकतीच आली होती, गणवेशाची बटणं काढत दारात उभी. “सात आठवडे आहेत,” ती म्हणाली. “समुद्रावर ट्रॅफिक असतं का गं? असलं तर गेलीस तू.”

“आई, तू कुणाच्या बाजूची?”

“मी टाइमटेबलच्या बाजूची. गाडी सुटली की सुटली.”

मौनीने हात पुढे केला. बाबांनी मेणाचा हात पुसून तिच्या हातात दिला. कपाटातले सगळे जबडे साक्षीला होते.

*

पहिले दहा दिवस सगळं लोण्यासारखं गेलं. दुकानाने डबा धाडला, गोदामाने मिळाल्याचं कळवलं. म्हाताऱ्या कारकुनाने तिला तीन पानी फॉर्म दिला. शिक्के मारमारून त्यांच्या अंगठ्याला जांभळा रंग कायमचा चढला होता, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना शिक्केकाका म्हणायचे. मौनीने फॉर्म ठसठशीत अक्षरात भरला. मालाचं वर्णन, वजन, किंमत, कुठून, कुठे. दुसऱ्या पानावर तळाशी प्रश्न होता: मालात बॅटरी आहे काय? दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, बॅटरी विकत घ्यावी लागत नाही. झालं तर मग. तिने ‘नाही’ समोर खूण केली, अशी छान, की शिक्केकाका म्हणाले, “अक्षर म्हणजे मोती.”

सोमवारी शाळा सुटल्यावर ती ऑफिसात शिरली तेव्हा मोती घरंगळले होते. फॉरवर्डरबाईंच्या पडद्यावर गोदामाचा निरोप होता, सोबत फोटो. तिचा डबा, आणि त्याच्यावर लाल चिकटपट्टी.

“आत बॅटरी निघाली,” बाई म्हणाल्या. “यंत्रातून बघतात ते. लिथियमची, आतच बसवलेली. आपण लिहिलंय, नाही.”

मौनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण असा उजेड पडून उपयोग काय? विकत घ्यावी लागत नाही, कारण ती आतच असते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

“बॅटरी एवढीशी असेल हो,” ती म्हणाली.

“एवढ्याशीने कंटेनर पेटतो. जहाजावर आग लागली तर विझवणाऱ्याला माहीत हवं, कुठल्या खोक्यात काय आहे. तो मेला तर तुझा फॉर्म दाखवतील त्याच्या बायकोला?” बाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. “आता खरं सांग. चुकलीस, का लपवलंस?”

जुनी मौनी असती तर हात तोंडावर गेला असता. हात निघालाच होता. तिने तो अर्ध्या वाटेवरून परत आणला.

“चुकले. वाचलं एक आणि समजले भलतंच.”

“मग तसंच लिही. झाकलेली चूक कस्टमवाले तीन दिवसांत शोधतात आणि तीन महिने शिक्षा देतात. सांगितलेली चूक दहा मिनिटांत मिटते.” त्यांनी कोरा कागद सरकवला. “आणि बॅटरीच्या चाचणीचा दाखला लागेल, बनवणाऱ्याकडून. दाबली, तापवली, आपटली तरी पेटत नाही, असा. कंटेनर गुरुवारी दुपारी सील होणार. त्यानंतरचा पाच आठवड्यांनी.”

पाच आठवड्यांनी म्हणजे वीस तारीख उलटून कुठल्या कुठे. म्हणजे विज्ञान, दातांचं कॉलेज, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणं. मौनीने पेन उचललं. तिच्याबरोबर आत आलेली गोलकीपर कानात म्हणाली, “रडणार असशील तर आत्ता रड, पत्रावर थेंब पडतील.”

“गप गं. शुद्धलेखन बघ माझं.”

पत्र चार ओळींचं झालं. काय लिहिलं होतं, खरं काय आहे, का चुकलं, काय दुरुस्त करावं. फॉरवर्डरबाईंनी ते दोनदा वाचलं आणि शिक्केकाकांकडे दिलं. शिक्केकाकांनी त्यावर एवढ्या जोरात शिक्का मारला की कपातला चहा हलला.

*

दुकानाला दाखला मागितला, तर दुकानाच्या यंत्राने उत्तर दिलं: आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा विचारलं. पुन्हा मोलाचा. पुडी म्हणाली, “एवढा मोलाचा असेल तर विकून टाक.”

मग मौनीने डोकं चालवलं. कन्सोलच्या फोटोत पाठीमागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात कारखान्याचं नाव होतं. तिने थेट त्या दोन बहिणींना लिहिलं. आपण कोण, डबा कुठे अडकलाय, आणि शेवटी, राहवलं नाही म्हणून, मुंगीच्या खेळाच्या वहीतल्या पहिल्या पानाचा फोटो. परभाषा तिला शाळेपुरती यायची. व्याकरण लंगडत होतं, पण चालत होतं.

बुधवारी सकाळी बसस्टॉपवर फोन वाजला. धाकट्या बहिणीचं उत्तर होतं. दाखला आहे, देते, पण आम्ही तीन वेळा बॅटरी बदलली, प्रत्येकीचा दाखला वेगळा. तुझ्या डब्याच्या तळाशी बारा आकड्यांचा क्रमांक आहे, तो कळव. आणि खाली: तुझी मुंगी ओल्या पोछ्यावरून घसरते का? आम्हाला कळायलाच हवं.

डबा समुद्रापलीकडे, लाल पट्टी लावून, गोदामात. क्रमांक त्याच्या तळाशी. मौनी शाळेत होती, पण कुठल्या तासाला काय शिकवलं ते आजतागायत तिला सांगता यायचं नाही. घंटा झाली तशी तिघी पळत सुटल्या.

फॉरवर्डरबाई बंदरावर गेल्या होत्या. ऑफिसात शिक्केकाका एकटे. “गोदामाशी बाईच बोलतात,” ते म्हणाले. “मला त्यांची भाषा येत नाही. मी फक्त शिक्के मारतो.”

“नंबर द्या. मी बोलते.”

“तू?”

“काका, मी पैजेवर तुमच्या ऑफिसात शिरले होते. हे तर कामासाठी आहे.”

शिक्केकाकांनी नंबर फिरवून फोन तिच्याकडे दिला, जणू गरम भांडं देतायत. पलीकडे एक जाडजूड आवाज, मागे यंत्रांची घरघर. मौनीने शाळेपुरती सगळी परभाषा गोळा केली आणि सुरू झाली. पलीकडचा म्हणाला, लाल पट्टीचे डबे सगळ्यांत वरच्या फळीवर आहेत, उचलणारी गाडी कामात आहे, उद्या बघू.

“उद्या तुमचा कंटेनर सील होतो,” मौनी म्हणाली.

“उद्या दुपारी.”

“दुपारी सील होतो आणि सकाळी तुम्ही विसरता. मी तुम्हाला ओळखत नाही, पण माझे बाबापण ‘उद्या बघू’ म्हणतात. त्यांचा ‘उद्या’ अजून आलेला नाही.”

मग माणूस हसला. खळखळून हसला, आणि ओरडून कुणाला तरी काहीतरी म्हणाला. “शिडी आणतो,” तो म्हणाला. “फोन ठेवू नकोस.”

सात मिनिटं. शिक्केकाका घड्याळाकडे बघत होते, पुडी नखं खात होती, गोलकीपर दारात उभी राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना “थांबा, परदेशाशी बोलणं चाललंय,” म्हणून अडवत होती. फरशीवाला आलेला, तोसुद्धा थांबला.

मग आवाज परत आला, धापा टाकत. त्याने भराभर बारा आकडे म्हटले. लाइन खरखरत होती. मौनीने लिहिले, आणि तिला आई आठवली. बसच्या वायरलेसवर आई कधीही ‘बरं, कळलं’ म्हणून सोडत नसे. आलेला आकडा एकेक करून परत म्हणून दाखवायचा, समोरचा हो म्हणेपर्यंत. ‘कळलं म्हणणाऱ्याला कळलेलं नसतं,’ हे तिचं ब्रीद.

“थांबा. मी म्हणते, तुम्ही बघा,” मौनी म्हणाली आणि एकेक आकडा, मध्ये श्वास घेत, म्हणत गेली. नवव्या आकड्याला पलीकडचा ओरडला, “नाही, नाही! एक नाही, सात! छापलाय एकासारखा!” तिने एकाचा सात केला आणि उरलेले तीन म्हटले. पुन्हा पहिल्यापासून म्हटले. माणूस प्रत्येकाला हो म्हणत गेला, बाराव्या ‘हो’ला शिक्केकाकासुद्धा मान डोलवत होते.

फोन ठेवल्यावर ऑफिसात टाळी वाजली. एकच. फरशीवाल्याची.

दाखला त्याच संध्याकाळी आला. गुरुवारी सकाळी लाल पट्टी निघाली, त्या जागी बॅटरीचं रीतसर चिन्ह लागलं आणि मौनीचा डबा बैठकीच्या खुर्च्या आणि सायकलींच्या सुट्या भागांमध्ये कंटेनरात जाऊन बसला. फोटो आला. एवढासा डबा, पण काय रुबाब! मुंबईकर असो की गावकरी, खिडकीची जागा मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा.

*

त्यानंतर जहाज. फॉरवर्डरबाईंनी तिला पडद्यावर जहाजाचा ठिपका बघायला शिकवलं. आणि ठिपका बघता बघता मौनी रोज थोडी थोडी त्या ऑफिसातच राहायला लागली. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. कुठल्या मालाला कुठला कागद, हे शिक्केकाका सांगायचे आणि ती चौकटीच्या वहीत उलट्या बाजूने लिहायची. वहीची पुढची बाजू मुंगीची, मागची जहाजांची. एक दिवस शिलाई मशिनवाल्याचं खोकं अडकलं. त्याच्या मशिनमध्ये दिव्याची बॅटरी होती आणि त्यानेही ‘नाही’ लिहिलं होतं. शिक्केकाकांनी खण उघडला. आत मौनीच्या चार ओळींच्या पत्राच्या वीस झेरॉक्स होत्या, नाव-गाव भरायला जागा कोरी सोडून.

“हे काय, काका?”

“बाई म्हणाल्या, यापेक्षा सरळ कागद ऑफिसात कुणी लिहिलेला नाही. आता हाच नमुना.”

मौनीला वर्गात पहिल्या नंबराने पास झाल्यावरही असं वाटलं नव्हतं. अर्थात ती कधी पहिली आलीच नव्हती, पण आली असती तरी.

चौदा तारखेला ठिपका बंदराबाहेर पोचला आणि थांबला. पंधराला तिथेच. सोळाला तिथेच. पुढे अकरा जहाजांची रांग.

“समुद्रावर ट्रॅफिक असतं तर,” आई म्हणाली.

बाबांनी फक्त विषयांचा फॉर्म आणून जबड्यांच्या कपाटावर ठेवला आणि वर वजन म्हणून एक कवळी. कवळी हसत होती.

मौनी हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. जहाज हलवणं तिच्या हातात नव्हतं, पण फाइल होती. फॉरवर्डरबाईंच्या परवानगीने तिने आपली फाइल लावली. वर पावती, मग दुरुस्तीचं पत्र, मग दाखला, मग वजनाची यादी, कराचा हिशेब तयार, प्रत्येक पानाला कोपऱ्यात आकडा. अठराला जहाज लागलं. एकोणिसाला कंटेनर उघडला. वीस तारखेला सकाळी शाळा बुडवून नाही, रीतसर चिठ्ठी देऊन, ती बाईंबरोबर कस्टमच्या खोलीत उभी होती.

टेबलामागच्या अधिकाऱ्यापुढे फायलींचा ढीग होता आणि प्रत्येकीत तो काहीतरी खोट काढत होता. एकाची तारीख चुकलेली, एकाची सही नव्हती. मौनीची फाइल आली. त्याने पानं उलटली. पुढे उलटली, मागे उलटली. खोट सापडेना म्हणून तो अस्वस्थ झाल्यासारखा वाटला.

“बॅटरी,” तो म्हणाला.

“पान दोनवर चूक मान्य केलीये, पान तीनवर दाखला आहे,” मौनी म्हणाली. “क्रमांक डब्याच्या तळाशी आहे. वरवर बघता नववा आकडा एकासारखा दिसतो, पण तो सात आहे. उजेडात बघा.”

अधिकाऱ्याने डबा उचलून उजेडात धरला. सात होता. त्याने चष्म्यावरून आधी तिच्याकडे आणि मग बाईंकडे पाहिलं. “ही फाइल कुणी लावली?”

फॉरवर्डरबाईंनी केसातलं पेन काढलं, परत खोचलं. “आमच्याकडची आहे एक,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडची! शिक्का बसला तो आवाज मौनीने ऐकलाच नाही.

*

संध्याकाळी साडेपाचला डबा बाबांच्या टेबलावर होता. पुडी आणि गोलकीपर जिन्यात बसून राहिल्या होत्या, कारण “घरातल्या मोठ्या बोलण्यात आपण नको,” असं गोलकीपर म्हणाली आणि पुडीने दार अर्धं उघडं ठेवलं.

बाबांनी मेणाच्या सुरीने चिकटपट्टी कापली. जहाज येईपर्यंत शाळेच्या कॉम्प्युटरवर वहीतून उतरवून ठेवलेला खेळ मौनीने त्यावर चढवला. पोस्टकार्डाच्या निम्म्या पडद्यावर एक मुंगी उभी राहिली, पाठीवर साखरेचा दाणा, पुढे अख्खं स्वयंपाकघर. दोन वर्षं कागदावर गप्प बसलेली मुंगी पाय टाकत होती.

“बघू,” बाबा म्हणाले. फक्त बघू. पंधरा मिनिटं झाली तरी त्यांचं बघून होईना. मुंगी तीन वेळा झाडूखाली गेली.

“अहो, डावीकडून काढा ना,” आई त्यांच्या खांद्यावरून वाकली. “एवढी जागा आहे. मी बस काढली असती.”

“तू गप. ओला पोछा आलाय.”

“ब्रेक, ब्रेक!”

“मुंगीला ब्रेक नसतो गं!”

मुंगी घसरली. दोघं एकदम ओरडले. जिन्यातून पुडीचा हसण्याचा आवाज आला. मौनीने कपाटावरची कवळी उचलली, बाजूला ठेवली, फॉर्म घेतला आणि कन्सोल बाबांच्या हातातून सरळ काढून घेतला.

“अगं, पार पोचत आलो होतो!”

“बाबा, सौदा.”

बाबा भानावर आले. चष्मा पुसला. “सौदा म्हणजे सौदा. मी ब्र काढणार नाही.” आणि लगेच ब्र काढला, “गेम बनवायचं शिकणार म्हणशील. शीक. चांगला केलायस. तो पोछा जरा जास्तच घसरडा आहे, पण चांगला केलायस.”

“खेळ मी करणारच आहे. त्याला कुठला फॉर्म लागत नाही.” मौनीने पेन उघडलं. जिन्यातलं दार आणखी थोडं उघडलं. “मी व्यापार घेणार, भूगोल घेणार आणि परभाषा एक नाही, दोन घेणार. सुट्टीत बाईंकडे काम शिकायला जाणार, विचारलंय मी, त्या हो म्हणाल्यात. मी फॉरवर्डर होणार.”

आई मटकन स्टुलावर बसली, पण तिचे डोळे हसत होते. बाबांनी कपाटाकडे पाहिलं, त्या ओळीने मांडलेल्या जबड्यांकडे, त्यातला कुठला तरी आपल्या बाजूने बोलेल अशा आशेने.

“आणि दात?” ते म्हणाले. “माझ्यानंतर हे सगळं?”

मौनीने ओठ न झाकता, सगळे दात दिसतील असं मोठ्ठं हसून सांगितलं, “दात तुम्ही बनवा, बाबा. समुद्रापलीकडेसुद्धा बोळकी तोंडं आहेतच की. कंटेनर मी भरते.”